चौदाव्या खेपेतला भंडारा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको. रहिमतपूरला आमच्या गल्लीत अजून मला 'मिरची' म्हणतात. फार्मसी केली, पुण्यात एका क्रीम-लोशनच्या कंपनीत चार वर्षं काढली, तरी स्वभावात फरक पडला नाही. उलट त्या कंपनीने माझा राग नियमांत बसवून दिला. हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही, लिहिल्याशिवाय काही टाकायचं नाही, आणि जे टाकलेलं नाही ते लेबलवर छापायचं नाही. एवढं कुणी पाळलं की मी गाईसारखी गरीब असते.

कडेगावच्या विजयमालाकाकी मला पहिल्यांदा सांगलीत एका प्रशिक्षणात भेटल्या. मिलिटरीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाची बायको. नवरा सीमेवर असताना रान, घर, सासू आणि पाटाच्या पाण्यावरची भांडणं यांनी एकटीने निभावलेली. त्यांचा बावीस बायकांचा गट होता. बावीसही जणींनी आपापल्या रानातला हळदीचा तुकडा तीन वर्षं रासायनिक खत-औषधाशिवाय ठेवला होता. शेजारी ऊस टरारलेला आणि यांची हळद पहिल्या वर्षी जेमतेम गुडघ्याएवढी. घरच्यांनी काय काय ऐकवलं ते काकी हसून सांगतात, पण ऐकणाऱ्याला हसू येत नाही. तिसऱ्या वर्षी रानाला सेंद्रियचं प्रमाणपत्र मिळालं, आणि बायकांनी ठरवलं की ही हळद पेठेत नेऊन सगळ्यांच्या ढिगात ओतायची नाही. तिचं उटणं करायचं.

उटणं म्हणजे घरातली गोष्ट, त्याला कसला आलाय परवाना, असं सगळ्यांनाच वाटतं. पण डबीत भरून विकायला काढलं की ते सौंदर्यप्रसाधन होतं. मग परवाना लागतो, परवान्यासाठी धड जागा लागते, आणि त्या जागेत शिकलेलं एक माणूस लागतं, जे प्रत्येक खेपेच्या कागदावर सही करील. ते माणूस मी. पुण्यातल्या खोलीचं सामान टेम्पोत घालून मी कडेगावला आले.

मी रुजू झाले त्या दिवशी काकींच्या थोरल्याने, धैर्यशीलने, मोठ्या कौतुकाने लेबलांचे गठ्ठे माझ्यापुढे ठेवले. पाच हजार छापून आणली होती. हिरव्या पानाखाली लिहिलेलं, 'शंभर टक्के सेंद्रिय, केमिकल-फ्री.' मी विचारलं, उटण्यात मुलतानी माती आहे ना? म्हणाला, आहे की. मग माती रानात पेरून उगवते का? तो हसायला लागला. मी म्हटलं, हसू नकोस, जे उगवतं त्यालाच सेंद्रिय म्हणता येतं. माती, मीठ, पाणी यांना नाही. म्हणजे तुझं शंभर टक्के पहिल्याच शब्दाला खोटं. आणि केमिकल-फ्री म्हणशील, तर पाणीसुद्धा केमिकल आहे. किती टक्के घटक सेंद्रिय ते वजन करून लिहायचं, आणि तेही प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेने तपासल्यावर. तोवर तो शब्द लेबलवर येणार नाही. ती पाच हजार लेबलं मी पाठकोरे कागद म्हणून वापरायला काढली. धैर्यशील पुढे महिनाभर माझ्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलत होता.

तर सगळं येऊन थांबलं होतं त्या प्रमाणपत्रावर. रानाचं मिळालेलं होतं, पण रानाचं वेगळं आणि उटण्याचं वेगळं. उटण्याचं मिळालं तर दिवाळीच्या मालावर 'सेंद्रिय' छापता येणार. नाही मिळालं तर पुढची तपासणी वर्षाने, आणि तोवर बाजारातल्या इतर शंभर उटण्यांत आमचं एकशे एकावं. काकींना याची माझ्यापेक्षा जास्त धास्ती होती. एकदा त्या मला म्हणाल्या, "प्रियंका, ह्या बायकांनी माझ्या एका शब्दावर तीन वर्षं घरात बोलणी खाल्ल्यात. मला त्यांच्या हातात कागद द्यायचाय." त्यानंतर मी आणखी कडक झाले. टोपीतून केस बाहेर दिसला तर बाई बाहेर, हातात बांगडी दिसली तर बाई बाहेर. भिंतीवर खंडोबाची तसबीर होती, तीही दळणाच्या खोलीतून काढून बाहेरच्या खोलीत लावायला लावली. बायका मला माघारी फौजदारीण म्हणतात, हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं.

गणपती उठल्यावर दुसऱ्या आठवड्यात संस्थेच्या तपासनीस आल्या. राजनंदिनी मॅडम, पन्नाशीच्या, अगदी मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी पोती उलटीपालटी करून बघितली, चाळण्या उजेडात धरल्या, मशीनच्या जाळीत बोट घालून बघितलं. कुठल्या रानातली हळद कुठल्या खेपेत गेली ते विचारलं आणि मी सांगण्याआधी वहीत स्वतःच शोधून काढलं. चौदावी खेप आदल्या दिवशीच दळून झाली होती, चाळीस किलोंची. तिच्यातून त्यांनी तीन पिशव्या नमुना भरला आणि आमच्यासमोर सील केला. प्रयोगशाळेत फवारणीच्या औषधांचे अंश, जड धातू आणि रंग, सगळं तपासलं जाणार होतं. निकाल दहा-बारा दिवसांत. जाताना म्हणाल्या, कागद चांगले ठेवलेत. एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना सांगलीजवळचा आणखी एक हळदीचा उद्योग बघायचा होता, म्हणून त्या सांगलीला मुक्कामाला गेल्या.

त्यांची गाडी वळली आणि सगळ्या बायकांनी टोप्या काढल्या. चहा झाला, कुणीतरी भडंग काढलं. मी पण जरा सैल बसले होते. काकी तेवढ्या अजून काळजीत, निकाल काय येतोय कुणास ठाऊक म्हणत होत्या. तेव्हा भामाबाई बोलल्या.

भामाबाई गटातल्या सगळ्यात वयाने मोठ्या, साठी कधीच ओलांडलेल्या, वीस गुंठ्यांवर एकट्याने हळद करणाऱ्या. त्यांच्या हाताला गुण आहे असं सगळ्या मानायच्या, म्हणून प्रत्येक खेपेचा पहिला तसराळाभर माल मशीनमध्ये त्याच ओतायच्या. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. कुणीतरी ओतायचाच होता.

"आवं, काळजी कशाला करतासा," भामाबाई म्हणाल्या. "परत्येक खेपंला मी खंडोबाचा भंडारा टाकतीया. कालबी टाकलाय. काय सुदीक हुनार न्हाई."

मी कप खाली ठेवला. मी विचारलं, भंडारा टाकता म्हणजे कुठे टाकता? त्या म्हणाल्या, मालातच की, चिमूटभर, पहिल्या तसराळ्यासंगं.

पुढचं सगळं फार भराभर झालं. आमच्या घरी देवघर नाही. आजोबांनी छप्पन्न साली देव नदीत सोडले, त्यामुळे भंडारा म्हणजे काय ते मी लांबूनच बघितलेलं. एवढं मात्र डोळ्यांसमोर होतं, की बाहेरच्या खोलीत तसबिरीमागे पिवळ्याधमक पुडीचा एक पुडा खोचलेला आहे. मी तो काढला. वर ना नाव, ना गाव, कुठल्यातरी टपरीवरचा. तो घेऊन मी माझ्या टेबलाशी गेले आणि बायका बघत असतानाच चिमूटभर पूड काचेच्या नळीत घातली, वरून आम्लाचे थेंब सोडले. पूड गुलाबी झाली. अस्सल हळदही आम्लात गुलाबी होते, पण वर पाणी घातलं की तिचा गुलाबी रंग जातो. मी पाणी घातलं. रंग गेला नाही. आणखी घातलं. गुलाबी ते गुलाबीच. म्हणजे त्या पुड्यात कापडाचा नाहीतर तसलाच कसला तरी रंग होता, आणि तो चेहऱ्याला लावायच्या उटण्यात, माझ्या सहीच्या चौदा खेपांत, गेला होता.

माझ्या डोक्यात जे काही चढलं ते मी भामाबाईंवर काढलं. काय बोलले ते सगळं लिहीत नाही, लाज वाटते. बावीस घरांच्या मेहनतीवर माती ओतली, एवढं म्हणाले ते आठवतं. हे खाण्याचं नव्हे अंगाला लावायचं आहे, कुणाची कातडी जळली तर देव येणार आहे का, हेही म्हणाले. भामाबाईंनी टोपी नीट घडी करून खुंटीवर ठेवली, चपला घातल्या आणि गेल्या. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ह्यांच्यात देव मानत न्हाईत, त्यांना काय कळायचं. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं.

सगळ्या गेल्यावर काकी आणि मी दोघीच उरलो. मी चौदाव्या खेपेतला माल काढून त्याचीही चाचणी केली. पाणी घातल्यावर नळीत गुलाबी काही दिसेना. दिसणार तरी कसं, चाळीस किलोंत एक चिमूट. माझ्या टेबलावरची चाचणी म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे. तिथली यंत्रं पकडतीलही, नाही पकडणार असंही होऊ शकेल.

काकींनी नळी उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, "प्रियंका, दिसत तर न्हाई. गप बसलो तर?"

खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. नमुने सील झालेत, कागद चांगले आहेत, निकाल कदाचित चांगलाच येईल. आपण काही मुद्दाम केलेलं नाही. पण मग माझी नजर खेपेच्या कागदावर गेली. 'वरील घटकांखेरीज काहीही मिसळलेले नाही', आणि खाली माझी सही. चौदा वेळा. मी धैर्यशीलची पाच हजार लेबलं ज्या तोंडाने रद्दीत काढली, ते तोंड मला आठवलं. मी काकींना म्हटलं, मला नाही जमणार. निकाल चांगला आला तरी तो शब्द मला छापता येणार नाही.

काकींनी एक सुस्कारा सोडला, कमरेची किल्ली काढली आणि शेडला कुलूप घातलं. मग म्हणाल्या, "चल, काढ गाडी. आत्ताच सांगून येऊ, न्हाईतर उद्या माझाच धीर सुटंल."

कडेगाव ते सांगली स्कूटरवर दीड तास. कुंडल गेलं, पलूस गेलं. माधवनगरला गर्दीत अडकलो तेव्हा काकी मागून म्हणाल्या, ह्या बायकांना मी काय तोंड दाखवू. रडू येत होतं आणि गाडी चालवताना रडता येत नाही, हे एक बरं झालं.

राजनंदिनी मॅडम बसस्थानकाजवळच्या लॉजवर उतरल्या होत्या. खालच्या बाकड्यावर बसून चहा घेत होत्या, नमुन्यांची पेटी पायाशी. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. भंडारा, पुडा, गुलाबी रंग, चौदा खेपा, चौदा सह्या. काकींनी शेवटी जोडलं, चूक माझी हाय, गट माझा हाय, पोरीला दोष देऊ नका.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारायला लागल्या. पुडा कुणी आणला? मी म्हटलं, माहीत नाही, भामाबाईंनीच आणला असणार. चिमूट म्हणजे किती? माहीत नाही. प्रत्येक खेपेला याच पुड्यातलं टाकलं का? तेही माहीत नाही. मॅडमनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही त्या बाईंना विचारलंत काय?"

मी म्हटलं, मी ओरडले. विचारलं नाही.

त्या रागावल्या नाहीत, हेच वाईट. त्या म्हणाल्या, "अघोषित घटक सापडला तर मला लिहावंच लागणार. पण काय टाकलं, किती टाकलं, कुठून आणलं, हे कळल्याशिवाय मी काय लिहू? कुणाच्या शब्दावर मी प्रमाणपत्र देत नाही, आणि कुणाच्या भीतीवर नाकारतही नाही. रंग असेल तर नमुन्यात येईल. उद्या दुपारी बारापर्यंत त्या बाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून मला पाठवा." मग लिहिता लिहिता म्हणाल्या, "आपणहून सांगायला आलात, तेही मी लिहिते आहे."

परतीच्या वाटेवर मला एकच प्रश्न ऐकू येत होता. कुठल्या रानातली हळद, कुठल्या दिवशी, कुणी तोलली, हे सगळं मी वहीत विचारून विचारून लिहून घेते. मशीनला तेल कुठलं घातलं तेसुद्धा विचारते. आणि जिवंत बाई समोर उभी असताना तिला एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही.

सकाळी सातला मी भामाबाईंच्या रानात गेले. हळद छातीएवढी झाली होती, पानांवरचं दव अंगाला लागत होतं. त्या आतल्या सरीत खुरपत होत्या. मला बघून उठल्या, खुरपं बाजूला ठेवलं आणि उभ्या राहिल्या, शाळेत मुलं उभी राहतात तशा. मला ते बघवलं नाही.

मी म्हटलं, मावशी, मला तुम्हाला विचारायचंय. भंडारा कुठला टाकता तुम्ही? तसबिरीमागचा?

"त्यो पुडा माजा न्हवं," भामाबाई म्हणाल्या. "त्यो आपल्या गटातल्या रेश्मानं आणल्याला, मशीन आलं तवा पूजंला. उधळायला घेत्यात तसला. मी त्याला हातबी लावला न्हाई."

मग तुमचा कुठला?

त्यांनी कनवटीची एक फडक्याची पुरचुंडी काढली. "ही माज्या ह्याच रानातली हळद. मी शिजवल्याली, मी वाळवल्याली, घरच्या जात्यावर दळल्याली. चैतात पालीच्या खंडोबाला जाती, देवाम्होरं ठेवती, अर्दी तितं ठेवती, अर्दी माघारी आणती. त्यातली चिमूट टाकती. देवाला काय बाजारचं रंगीत पीठ वाहू व्हय म्याडम?"

मी विचारलं, मग काल सांगितलं का नाहीत?

"तुमी इचारलं कुटं," त्या म्हणाल्या. "तुमी सांगतच व्हतासा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्यांची माफी मागितली. देवाला काही बोलायचं माझ्या मनात नव्हतं, असंही म्हटलं, कारण रात्रभर ते पुटपुटणं मला टोचत होतं.

"देवाचं सोडा वो. त्यो लय ऐकून घेतो लोकांचं." भामाबाईंनी पदराने नाक पुसलं. "मला वाईट वाटलं त्ये माजं. तीन साल ह्या रानात युरियाचा दाणा पडू दिला न्हाई मी. आन मीच माती वतली म्हनला तुमी."

मी त्यांचा हात धरला. थोड्या वेळाने त्यांनीच हात सोडवला आणि म्हणाल्या, चला, तुमच्या त्या नळीत घालून बघा एकदा. तुमाला लिहायचं आसंल.

मी म्हटलं, गरज नाही, माझा विश्वास आहे. त्या म्हणाल्या, तुमचा आसंल, माजा जीव लागला न्हाई कालपास्नं, मला बघायचंय.

शेडवर काकी आधीच येऊन बसल्या होत्या. आम्ही तिघी टेबलाशी उभ्या राहिलो. पुरचुंडीतली चिमूट मी नळीत घातली, आम्लाचे थेंब सोडले. पूड गुलाबी झाली. मला माहीत होतं की ती होणार. काकींनी डोळे मिटून घेतले. भामाबाई मात्र नळीवरून नजर काढायला तयार नव्हत्या. मी पाणी घातलं. गुलाबी फिकट झालं, आणखी घातलं तसं गेलं, आणि नळीत आपला साधा पिवळा रंग राहिला. मी तीनदा केलं. तीनही वेळा तसंच.

माझा जीव भांड्यात पडला. काकी खुर्चीत बसल्या आणि हसायलाच लागल्या, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. मी भामाबाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून काढलं, वाचून दाखवलं, त्यांनी सही केली, आणि साडेदहालाच राजनंदिनी मॅडमना पाठवलं. उत्तर आलं, 'मिळालं. नमुने आज रवाना.' त्या पुड्याचं मी काय केलं ते विचारू नका. रेश्माला मात्र मी ओरडले नाही. आधी विचारलं, कुठून आणला, आणि मग फक्त सांगितलं की इथे आणायचा नाही, आणि घरीही मुलांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नको.

पुढचे अकरा दिवस कसे काढले ते मला आणि काकींना ठाऊक. माझ्या टेबलावरच्या नळीला मी काय मानते ते वेगळं, प्रयोगशाळेचं यंत्र काय म्हणतं ते वेगळं. बायका नेहमीसारख्या येत होत्या, पण मशीनशी गेल्या की बोलणं बंद व्हायचं. भामाबाई पहिला तसराळा ओतायला पुढे येईनात. रेश्माच ओतायची. मी दोनदा म्हणून बघितलं, त्यांनी 'ऱ्हाऊ द्या' म्हटलं. मला ते निकालापेक्षा जास्त लागत होतं.

बाराव्या दिवशी दुपारी निकाल आला. मी फोनवर वाचायला लागले आणि अक्षरं हलायला लागली, म्हणून फोन काकींच्या हातात दिला. औषधांचे अंश नाहीत. जड धातू मर्यादेच्या आत. कृत्रिम रंग आढळला नाही. खाली राजनंदिनी मॅडमचा शेरा होता: उत्पादकांनी स्वतःहून माहिती दिली. अघोषित घटक ही गटाच्याच प्रमाणित रानातली हळद असल्याचे नोंदींवरून दिसते. यापुढे तिची नोंद प्रत्येक खेपेच्या कागदावर करावी, एवढ्या अटीवर प्रमाणपत्र मंजूर.

काकींनी ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. कुणीतरी टाळी वाजवली, कुणी रडायला लागलं, कुणी घरी नवऱ्याला फोन लावून 'काय म्हनत व्हतासा तवा, आं?' असं विचारायला लागलं. मी भिंतीला टेकून रडत होते आणि मला कसलीही लाज वाटत नव्हती. हलकं वाटत होतं, इतकं हलकं की पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी विसावी खेप होती. 'सेंद्रिय' शब्द छापून डबीत जाणारी पहिली. बायका टोप्या घालून उभ्या राहिल्या. मी रेश्माच्या हातातला तसराळा घेतला आणि भामाबाईंपुढे धरला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, भंडारा टाकायचा न्हाई न्हवं आता?

मी कागद आणि पेन काढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मावशी, काय टाकताय?"

भामाबाई क्षणभर घुटमळल्या. मग ताठ झाल्या.

"हळद."

"कुठली?"

"माज्या रानातली. वढ्याकडंचं वीस गुंठं."

"किती?"

त्यांनी चिमूट काट्यावर ठेवली आणि वाकून आकडा बघितला. "चार गिराम."

"दळली कुणी?"

"मी. भामाबाईनं."

मी एकेक उत्तर लिहून घेतलं. त्यांनी चिमूट टाकली, तसराळा ओतला, पण मशीनचं बटण दाबू देईनात. कागद माझ्या हातात होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाल्या, "वाचा की, काय लिवलंय."

मी वाचलं. त्या म्हणाल्या, नावाचं परत वाचा.